तिसरा चौथरा

आई गेली त्या वर्षी मी बारामतीला कॉम्प्युटरच्या क्लासला जात होते. लासुर्ण्याच्या स्टँडवर उभं राहायचं, एसटी धरायची, की-बोर्ड बडवायचा आणि परत यायचं. माझं नाव तिथं आईनंच घातलं होतं. ती गेल्यावर ते काढायचं कुणाला सुचलं नाही, म्हणून मी जात राहिले.

ती वैशाखात तापानं गेली. मी रडले नाही. आत्या येईल त्याला सांगायची, पोरीच्या काळजाचा दगड झालाय. दगडबिगड काही नव्हतं. जीभ पोळल्यावर जेवणाला चव लागत नाही, तेवढंच झालं होतं.

क्लासात माझ्या शेजारी भिगवणची एक मुलगी बसायची. तिचं तोंड कधी बंद नसायचं, त्यामुळं मला बोलावं लागायचं नाही. आमची मैत्री झाली ती एवढ्याच कारणानं. दुपारी सर जेवायला घरी गेले की आम्ही एका मशीनवर गेम लावायचो. पुण्याहून कुणीतरी आणलेल्या सीडीतला. तलवारवाला गडी, राक्षस, जंगलं, पडकी देवळं. इंग्रजी कळेल तेवढं वाचायचं, उरलेलं डिक्शनरीत बघायचं.

डोंगरावरच्या एका देवळात तीन चौथरे होते. दोहोंवर मूर्ती, तिसरा रिकामा. खाली दगडावर लिहिलं होतं की तिघांनी मिळून हे जग घडवलं. एकानं माती केली, एकानं पाणी केलं. तिसऱ्यानं काय केलं ते सगळा गेम पालथा घालूनही कुठं सापडलं नाही.

मैत्रीण त्या तिसऱ्याच्या मागं हात धुऊन लागली. राक्षस राहिले बाजूला.

“हलवला आसंल,” ती म्हणाली. “धरणाचं पाणी यायच्या आधी आमच्या जुन्या गावातला देव आसाच हलवला. चौथरा तितंच ऱ्हायला पाण्याखाली.”

“डोंगरावर कुठलं आलंय धरण?”

“मग चोरला आसंल.”

सरांना विचारलं तर म्हणाले, सीडी कॉपी केलेली आहे, फाईल उडाली असेल. एवढा जग घडवणारा देव, आणि सरांनी त्याला एका वाक्यात निकालात काढला.

माझं म्हणणं निराळं होतं. आमच्या देव्हाऱ्यात टाक आहेत, म्हणजे देवाचं चित्र ठोकून उठवलेले चांदीचे लहान पत्रे. खंडोबाचा आहे, बिरोबाचा आहे, आणि त्यांच्या शेजारी आमच्याच घरातली माणसं. मेंढरं राखताना लांडग्याशी झुंजून मेलेला पणजोबांचा भाऊ, बाळंतपणात गेलेली एक सवाष्ण. माणूस मेला की त्याचा टाक होतो आणि तो देवांत बसतो, हे मी लहानपणापासून बघत आलेले. त्यामुळं मला वाटायचं, जग करणारे हे तिघंही आधी माणसंच असणार. आणि ज्याची मूर्ती बसलेली नाही, तो अजून मेलेला नाही.

“म्हंजी दोघं मेल्यात आन तिसरा जिता?” मैत्रीण म्हणाली. “कायतरीच तुझं. देव काय मरत्यात व्हय?”

तिला त्या चौथऱ्यावर काहीतरी ठेवून बघायचं होतं. गेममधल्या माणसाला वाटेत सापडलेली ढाल, हंडी असली वस्तू खाली ठेवता यायची. “ढाल ठिवू. न्हायतर ती हंडी ठिवू. एखादं दार उघडंल.” मी माऊस सोडायचे नाही. रिकामं आहे ते राहू दे की रिकामं, म्हणायचे. आई गेल्याचं मी तिला सांगितलंच नव्हतं, तर बाकीचं काय सांगणार?

बाकीचं म्हणजे घरी आत्यानं लावून धरलं होतं. वहिनी अहेवपणी गेली, चंपाषष्ठीच्या आत तिचा टाक देव्हाऱ्यात बसला पाहिजे. माझे वडील, आबा, एवढंच म्हणायचे, “पोरगी हूं म्हणू दे, मग बघू.” आणि मी हूं म्हणत नव्हते. टाक बसला की आई मेली. तोवर ती नुसती घरात नव्हती.

मार्गशीर्ष लागला. आत्या एक दिवस माझ्यापुढं बसून रडली, आणि मी त्या रडण्याला कंटाळून हूं म्हणाले. दुसरं काही कारण नाही.

आबा आणि मी इंदापूरला सोनाराकडं गेलो. त्यानं फडक्यातून एक ठसा काढला. उभी बाई, डोक्यावर पदर, कपाळावर ठळक कुंकू.

“सगळ्यांना हाच?” मी विचारलं.

“सवाष्णीला ह्योच,” सोनार म्हणाला.

आईचं त्यात काही नव्हतं. मला बरंच वाटलं. ही कुणीतरी दुसरीच बाई देव्हाऱ्यात बसेल, बसू दे.

आबा मात्र ठसा हातात घेऊन बघत राहिले. मग म्हणाले, “हिच्या डुईवर पदर हाय. आमच्या कारभारणीच्या डुईवर कधी टिकला न्हाय. सारखा घसरायचा.”

“आता टिकंल, पाव्हणं,” सोनार म्हणाला आणि पत्रा ठोकायला बसला.

चंपाषष्ठीला मी वांग्याचं भरीत केलं, बाजरीचे रोडगे केले. आत्यानं टाक धुऊन देवांच्या रांगेत बसवला. नैवेद्य दाखवल्याशिवाय आमच्यात कुणी घास घेत नाही, म्हणून मी पान वाढून पुढं ठेवलं, आबांनी भोवती पाणी फिरवलं. आणि मग माझ्या लक्षात आलं. आधी देव, मग आबा, मग शेतावरचे गडी, मग मी, आणि सगळ्यांच्या शेवटी आई. भरताच्या भांड्याला चिकटलेलं भाकरीच्या तुकड्यानं पुसून ती चुलीपुढंच खायची. आज तिचं पान पहिलं होतं. त्यासाठी तिला मरावं लागलं. मला राग आला. कुणाचा ते कळेना, पण वैशाखापासून पहिल्यांदाच मला काहीतरी आलं होतं.

आत्या आबांना म्हणाली, चल, बस आता जेवायला.

“थांब वाईच,” आबा म्हणाले. “तिचं होऊ दे निवांत.” आणि भिंतीला टेकून बसून राहिले.

दुसऱ्या दिवशी मैत्रिणीनं गेम लावला. देऊळ आलं, तीन चौथरे आले. मी म्हणाले, “तिसरी बाई हाय.”

“कशावरनं?”

“ते दोघंच बसल्यात. ती वाढत आसंल. तिला बसायला कुठली सवड?”

ती खो खो हसली. मग माझ्याकडं बघून गप्प झाली. माझ्या माहितीत ती तशी पहिल्यांदाच गप्प झाली असेल.

“माझी आई मेली,” मी म्हणाले. “वैशाखात.”

मग माऊस धरून मीच ती हंडी चौथऱ्यावर ठेवली. दार काही उघडलं नाही. मूर्ती होत्या तशाच बसून राहिल्या.

मैत्रिणीनं पिशवीतून डबा काढला आणि झाकण उघडून माझ्याकडं सरकवला. “आधी तू खा,” ती म्हणाली.

माशाचं कालवण होतं. पहिल्याच घासाला डोळ्यांतून पाणी आलं. तिला वाटलं मी आईसाठी रडतेय, आणि तेही खरंच होतं, पण कालवण तिखट होतं आणि ते मला लागलं होतं.