आडावरचा पदर

बहात्तरचा दुष्काळ सरून डोंगरकड्याच्या आडाला पुन्हा पाणी आलं होतं. मी वेड्यांच्या दवाखान्यातून नुकतीच घरी आले होते. सासूबाई मला आडावर एकटीला जाऊ देत नसत. मी शेंदायला वाकले की त्या मागून माझा पदर मुठीत धरत. बाया हसत.

एका सकाळी मी सगळ्यांसमोर ओरडले, "सोडा ना, आत्याबाई! मी काय शेळी हाय?"

सासूबाईंनी पदर सोडला आणि त्या मागं सरकल्या.

मी पोहरा सोडला. दवाखान्याच्या गोळ्यांनी हात कापत होते. खाली पाणी हललं, आणि ते मला बोलावून राहिलंय असं वाटलं. दोर घट्ट आवळून, मागं न बघता मी म्हणाले,

"आत्याबाई, पदर धरा."