मडीच्या नळाची भिंत

बंगळुरात नागनाथला लोक ‘लीकेज अण्णा’ म्हणतात. निपाणीकडच्या एका खेड्यातून बावीस वर्षांपूर्वी तो नळजोडणीच्या कामाला आला आणि पुढे नळ सोडून नुसती गळती शोधू लागला. हातभर लोखंडी सळई, तिचं एक टोक भिंतीला आणि दुसरं कानाला. ओल मोजायचं यंत्रही आहे त्याच्याकडे, पण ते गिऱ्हाइकाचं समाधान व्हावं म्हणून. त्याचा खरा भरवसा कानावर, आणि त्या कानाचा त्याला गर्वही होता. होता, म्हणजे गेल्या मे महिन्यापर्यंत.

मे महिन्यात बसवनगुडीतून व्यंकोजींचा फोन आला. घर जुन्या मराठी कुटुंबाचं, पिढ्यान्‌पिढ्या इथलंच. खाली व्यंकोजी, वर त्यांच्या धाकट्या भावाची विधवा सकवारबाई एकटी. खालच्या देवघराच्या छताच्या कोपऱ्यातून थेंब थेंब पाणी देव्हाऱ्यावर पडत होतं.

नागनाथ सळई घेऊन देवघरात निघाला तर व्यंकोजींनी उंबऱ्यावरच हात आडवा केला. “आत मडी आहे अण्णा, सोवळं. स्वल्प, जरा बाहेरूनच बघा.”

“वरच्या न्हाणीत रंगाचं पानी सोडून बघूया की,” नागनाथ म्हणाला. “उद्यापर्यंत रंग खाली उतरला तर दोष वरचा.”

“न्हाणीतलं रंगाचं पाणी देवावर पाडता? छे छे!”

आता खरं तर इथे हात जोडून ‘मग मला सांगता येणार नाही’ असं म्हणायला हवं होतं. गावाकडे देवाधर्माच्या घरात वाद घालत नाहीत, हे त्याच्या अंगात भिनलेलं. शिवाय व्यंकोजींनी न विचारता सांगून टाकलं होतं, की वर न्हाणी त्या कोपऱ्याजवळ बांधू नकोस असं त्यांनी भावाला तेव्हाच बजावलं होतं. नागनाथने उंबऱ्यातून मान वर करून ओल पाहिली, वर जाऊन न्हाणीच्या फरशीवर सळई टेकवली, दोन मिनिटं कान लावला आणि निकाल दिला. “वरच्या न्हाणीचंच हाय.”

सकवारबाई दाराशी उभ्या होत्या. त्यांचा चेहरा पार उतरला. आपल्या अंघोळीचं पाणी इतके दिवस देवांच्या डोक्यावर पडत होतं, हे ऐकून त्या बाईने काय करावं? व्यंकोजींनी त्याच दिवशी वरचं पाणी बंद केलं आणि त्यांना सांगितलं, “अक्षराकडे जाऊन राहा. ओल गेली की बोलावतो.” अक्षरा ही सकवारबाईंची मुलगी, बेळ्ळंदूरला उंच इमारतीत राहणारी.

वरचं पाणी बंद, तरी गळती चालूच. श्रावणात व्यंकोजींनी पुन्हा बोलावलं. या वेळी नागनाथने हट्ट धरला. त्यांच्याच घरी डोक्यावरून पाणी घेतलं, ओला पंचा नेसला आणि देवघरात शिरून भिंतीला सळई लावली. लावताक्षणी ऐकू आलं. पूजेच्या पाण्यासाठी गच्चीवर वेगळी छोटी टाकी होती. तिच्यातून भिंतीच्या आतून एक नळी देवघरातल्या पितळी नळाला उतरत होती. तिचाच सांधा छताजवळ सुटला होता. वरच्या न्हाणीचा काडीचाही संबंध नव्हता.

व्यंकोजींनी तो पितळी नळ घट्ट बंद केला. मग म्हणाले, “सरी, ठीक आहे. सकवारला मी सांगतो. घरातली गोष्ट आहे, तुम्ही मध्ये नको.”

नागनाथचा जीव भांड्यात पडला. चूक कबूल करायला जायचं टळलं, याचंच त्याला बरं वाटलं. याची लाज त्याला आजही वाटते. आठवड्याभरात सांधा बसला, भिंत वाळली, आणि तो दुसऱ्या कामांना लागला.

पण मन खात होतं. निदान माफी तरी मागावी. दिवाळीनंतर बेळ्ळंदूरला एक काम निघालं, तेव्हा तो चौकशी करत अक्षराच्या बाराव्या मजल्यावरच्या घरी गेला. बसवनगुडीला परतल्या असतील सकवारबाई, तर निदान मुलीकडे माफीचा निरोप तरी ठेवता येईल, अशा हिशेबाने. दार त्यांनीच उघडलं. हाताला राख लागलेली, आणि मागे मोरीत एका पातेल्यात बोटभर पाणी घेऊन चाललेलं भांडी घासणं.

“नळ बंद हाय काय अक्का?”

“नाही हो. सोडवत नाही. खाली कुणाचं तरी देवघर असेल.” त्या हसल्या. “अंघोळही तांब्याभर पाण्यातच करते. अक्षरा रागावते.”

नागनाथला बसवेना. उभ्याउभ्याच त्याने सगळं सांगितलं. न्हाणी निर्दोष होती, पूजेच्या नळाचीच नळी फुटली होती, आपण आत न जाता निकाल दिला. “माझं चुकलं अक्का. तुमच्यावर उगाच आळ घेतला.”

सकवारबाईंचे डोळे भरले. पण चेहरा केवढा मोकळा झाला! त्यांनी कपाळाला हात लावून देवाला नमस्कार केला. “माझं पाणी नव्हतं म्हणजे. नव्हतंच ना?”

“एक थेंब न्हाई.”

“कधी कळलं हो?”

“श्रावणात.”

“भावजींना ठाऊक आहे?”

“त्यांच्या समोरच तर सापडलं. आठ दिवसांत भिंत कोरडी ठणठणीत झाली.”

सकवारबाई हळूच खुर्चीवर बसल्या. हाताची राख पदराला लागली तरी त्यांना समजलं नाही.

“दसऱ्याला मी फोन केला होता,” त्या म्हणाल्या. “दिवाळीलाही केला. म्हणाले, ओल अजून गेली नाही.”