दोन वारस आणि एक डबल गादी

नव्वदच्या दशकाच्या अखेरीस मी कुवेतमधल्या एका भारतीय शाळेत इतिहास शिकवीत होतो. तिथल्या मराठी मंडळींच्या वार्षिक कार्यक्रमासाठी मी एक दोन अंकी नाटक लिहिले. विषय तुर्कांच्या उस्मानी घराण्याचा होता. सुलतान वारतो, दोन मुलांत वारशाचा तंटा होतो, थोरला राज्य मिळवतो आणि धाकटा परक्या मुलखात पळून जातो. पुढे त्याने तिकडेच राहावे म्हणून थोरला त्याच्या यजमानांना दरवर्षी पैसे पाठवतो. हे सारे घडलेले आहे. पदरचे संवाद तेवढे मी घातले.

थोरल्याच्या भूमिकेत शुऐबा या औद्योगिक भागातल्या कारखान्यातले पुण्याचे इंजिनियर होते आणि धाकट्याच्या भूमिकेत अर्दियातल्या फर्निचर वर्कशॉपमधले रत्नागिरीकडचे सुतार. पहिल्याच वाचनाला सुतार म्हणाले, "परदेशात ऱ्हायचं आणि पैसे घरून यायचे? सर, हा व्हिसा कुठे मिळतो?"

पहिल्या अंकाचा सारा भार थोरल्याच्या एका वाक्यावर होता: "गादी एक आणि आपण दोघे." ते ऐकून धाकट्याने निघून जायचे. तो गेला नाही, तर दुसरा अंकच उरत नव्हता. गादी तयार करण्याचे काम मी सुतारांवरच सोपवले.

कार्यक्रमाच्या दुपारी ते टेम्पोतून एक डबल गादी घेऊन उतरले. वर लाल मखमल, कडेला जर आणि सोबत दोन लोड.

"अहो, मला सिंहासन हवे होते," मी म्हणालो.

"तुम्ही गादी लिवलंय, सर. अकरा वेळा."

मी मोजून पाहिले. अकराच वेळा लिहिले होते. मुलांचे मोघम शब्द मी वर्षभर लाल शाईने अधोरेखित करीत असे; आता स्वतःचेच अकरा केले.

"हिच्यावर अख्खा जनानखाना झोपेल," इंजिनियर म्हणाले. मी सभागृहातली प्लास्टिकची खुर्ची सुचवली. "खुर्चीवरून सोसायटी चालते हो, साम्राज्य नाही," असे म्हणून ते गादीवर जाऊन बसले.

प्रयोगात ते वाक्य आले. थोरल्याच्या शेजारी तिघांची जागा मोकळी दिसत होती. पुढच्या रांगेतल्या एक बाई सहज म्हणाल्या, "बस की रे बाबा, जागा आहे."

सुतारांनी जागेकडे पाहिले, विंगेत माझ्याकडे पाहिले आणि ते बसले. दोघे भाऊ एकेका लोडाला टेकले. पाचशे वर्षांपूर्वीचा तंटा मिटला आणि माझा दुसरा अंक जागच्या जागी निरर्थक झाला.

इंजिनियरांनी सावकाश पाय लांब केले, दुसरा लोडही ओढून डोक्याखाली घेतला आणि ते गादीवर कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत तिरके पसरले. सुतार सरकत सरकत काठावर आले आणि शेवटी उभे राहिले.

"आमच्या रूमवर असाच एक आहे," ते प्रेक्षकांना म्हणाले. "त्याच्याशी भांडून उपयोग नाय. मी आपला जातो परदेशी."

ते गेले आणि टाळ्यांच्या गजरात दुसरा अंक सुरू झाला.

पुढच्या शुक्रवारी, म्हणजे तिथल्या सुट्टीच्या दिवशी, मंडळींच्या मुलांसाठी मी घेत असलेल्या मराठीच्या वर्गात मी विचारले, राजपुत्राने देश का सोडला? एका मुलीने उत्तर दिले, "भाऊ तिरका झोपला म्हणून." बराच विचार करून मी तिला अर्धा गुण दिला.