आंबोशी आणि काठीचे तीन ठोके

हत्तींच्या जंगलात मी एकदा कैऱ्या वाळत घातल्या होत्या. हसा... मीही हसते आता. वय एकतीस, हातात होम सायन्सची पदवी, आणि नियम पाहुण्यांसाठी असतात, मॅनेजरबाईंसाठी नाही, अशी ठाम समजूत.

भुताखेतांवर माझा कधी विश्वास नव्हता, हे आधीच सांगून टाकते. टांझानियातल्या सफारी कॅम्पांवर एकोणीस वर्षं काढलेल्या बाईला सिंहाला घाबरायला सवड नसते, तिथे भुतांना कोण विचारतो? गाड्या ह्यांच्याकडे, स्वयंपाक, बिछाने आणि पाहुण्यांचे रुसवेफुगवे माझ्याकडे. पहाटे प्रत्येक तंबूबाहेर चहाचा ट्रे, संध्याकाळी अंघोळीला दोरीने वर चढवलेली गरम पाण्याची बादली, आणि उन्हात तापलेल्या कॅनव्हासचा तो वास... अमेरिकेत, अल्फारेटातल्या मुलाच्या घरात एसीच्या गारव्यात बसून मी अजून तो वास हुंगायचा प्रयत्न करते.

जुमा आमचा माग काढणारा. माझ्याहून पंधराएक वर्षांनी मोठा, बोलणं मोजकं. तंबूला दार नसतं, म्हणून तो काठीने खांबावर ठोके द्यायचा. दोन पटकन, मग थांबून एक. टक-टक... टक. तिकडे बाईला मानाने ‘मामा’ म्हणतात, तशी मी अख्ख्या कॅम्पची मामा! फळं उघड्यावर ठेवू नकोस, हत्तींना लांबून वास लागतो, असं त्याने मला तीनदा बजावलं होतं. पण गावाहून आलेल्या सामानात हिरव्यागार कैऱ्या दिसल्या आणि मला आईच्या हातची आंबोशी आठवली. दुपारी सगळे पेंगल्यावर तंबूपुढे चादर पसरली, फोडी मांडल्या, वर बघते तर वीस पावलांवर हत्तीण.

टक-टक... टक. मागून जुमाचा हळू आवाज, “काआ चिनी, मामा.” म्हणजे खाली बस.

मी बसले नाही. उलट हत्तिणीला ‘शुक शुक’ केलं, ओट्यावर चढलेल्या मांजरीला करतात तसं. तिने कान पसरले. तेव्हा जुमाने खांदा धरून मला मातीत बसवलं आणि स्वतः शेजारी बसला. ती सगळ्या फोडी सावकाश खाऊन, चादर पायाखाली तुडवून निघून गेली. जुमाने ह्यांना कधीच काही सांगितलं नाही.

आता गेल्या मे महिन्यातली गोष्ट. इंडियन स्टोअरमध्ये कैऱ्या मिळाल्या. म्हटलं, इथे कुठले हत्ती? मागच्या लाकडी डेकवर कापड अंथरलं, त्यावर फोडींची परात ठेवली. डेक पहिल्या मजल्याच्या उंचीवर, खाली दगडी फरशी. ऊन सरकलं तशी मी परात उचलून कठड्याकडे निघाले, त्याला टेकून जरा पाठ मोकळी करावी म्हणून. हात पुढे केला...

टक-टक... टक. लाकडावर, माझ्या मागे. आणि तोच आवाज, “काआ चिनी, मामा.”

विचार केलाच नाही. मटकन खालीच बसले. परात हातातून सुटून कठड्यावर आदळली, आणि तेवढ्या धक्क्याने कठड्याचा दोन हात तुकडा परातीसकट खाली गेला. आतून कुजला होता, वरून रंग छान. परात त्या फरशीवर कितीतरी वेळ गरगरत होती. तिच्या जागी मी असते.

काचेच्या दारातून माझी नऊ वर्षांची नात रिया बाहेर आली. कठड्याकडे तिचं लक्षच नव्हतं. म्हणाली, “आजी, हू वॉज नॉकिंग?”

म्हणजे तिनेही ऐकलं होतं.

संध्याकाळी मंदारने, माझ्या मुलाने, कठडा बघितला आणि बराच वेळ माझा हात सोडला नाही. मग इंजिनिअर जागा झाला. म्हणे, आई, वुडपेकर असेल, इकडे खूप आहेत. मी विचारलं, स्वाहिली बोलणारे पण आहेत का रे?

मला वाटलं, जुमा गेला असणार. असल्या गोष्टींत तसंच असतं ना... दोन दिवस फोन हातात घेऊन नुसती बसले. त्याच्या मुलीचा नंबर होता, पण नवीन वर्षाच्या शुभेच्छांपलीकडे बोलणं नाही. जुमाशी तर अकरा वर्षांत नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी लावला. मुलगी म्हणाली, बाबा मजेत आहेत, दिसत नाही फारसं, पण झाडाखाली बसलेत. देऊ का?

मी अजून कुणाला काही सांगितलं नव्हतं, तिलासुद्धा नाही. तिकडे फोनवर आधी पाच मिनिटं ख्यालीखुशाली विचारायची रीत. घर कसं, मुलं कशी, गुरं कशी... जुमा ती रीत कधी मोडत नसे. त्या दिवशी मोडली. खुशाली राहिली बाजूला, माझं नावही विचारलं नाही. म्हातारा घसा खाकरून म्हणाला,

“मामा, परत आंबे वाळत घातलेस ना? या वेळी तरी सांगितल्याबरोबर बसलीस का?”