चालीच्या पंच साळवेबाई

साळवेबाईंची आणि माझी पहिली भेट झाली तेव्हा त्यांनी माझ्या चेहऱ्याकडे पाहिलंच नाही. आम्ही दिल्लीत लक्ष्मीबाई नगरातल्या सरकारी क्वार्टरमध्ये नुकतेच राहायला येत होतो. मी टेम्पोतून सामान उतरवत होतो आणि जिन्याच्या पायरीवर उभ्या असलेल्या एक बाई माझ्या पायांकडे टक लावून पाहत होत्या. शेवटी म्हणाल्या, "बरीच वर्षं उजव्या खांद्यावर बॅग घेऊन फिरलेले दिसता." खरंच फिरलो होतो. "आता डाव्या खांद्यावर घ्या. चहा टाकू?"

मार्था साळवे मूळच्या नगरच्या, एका मंत्रालयात सेक्शन ऑफिसर. वरच्या मजल्यावर एकट्या राहत. नाताळात केक न वाटता करंज्या वाटत आणि दिवाळीत केक. "दिवाळीत तुमच्याकडे करंज्या असतातच की," हे त्यांचं स्पष्टीकरण.

दिल्लीत कॉमनवेल्थचे खेळ व्हायचे होते तेव्हा मी मुनिरक्यात भाड्याच्या खोलीत राहत होतो. या खेळांनी शहर कायमचं बदलेल, असं तेव्हा रोज ऐकायला मिळे. माझ्या गल्लीपुरतं बोलायचं तर तोंडावरच्या नाल्यापुढे एक भलामोठा रंगीत फलक लागला आणि नाला दिसेनासा झाला. वास मात्र पाहुण्यांच्या स्वागताला हजर राहिला. रस्त्याकडेला फुलांच्या कुंड्या आल्या, खेळ संपले, कुंड्या गेल्या. कायमचं काय राहिलं, असं कोणी विचारलं तर मी साळवेबाईंचं नाव सांगतो.

झालं होतं असं, की खेळांसाठी माणसं पाठवा, असं पत्र त्यांच्या ऑफिसात आलं. त्या दिवशी रजेवर त्या एकट्याच होत्या, त्यामुळे त्यांची निवड एकमताने झाली. वाट्याला आली चालण्याची शर्यत. काम एवढंच, की रस्त्याकडेच्या पंचांकडून चिठ्ठ्या घ्यायच्या आणि मुख्य पंचाकडे नेऊन द्यायच्या. पण सरावाच्या दिवसांत उन्हाने लालबुंद झालेल्या एका परदेशी पंचाने त्यांना शेजारी उभं केलं आणि पाय कसे पाहायचे ते शिकवलं.

"एक पाय कायम जमिनीला हवा आणि पुढचा टेकला की गुडघा सरळ हवा," त्या सांगत. "कॅमेरा नाही, काही नाही. डोळ्याला दिसलं तेवढंच. आणि एकट्या पंचाने कोणाला बाद करायचं नाही. तिघांनी वेगवेगळं लिहून दिलं पाहिजे, आपसात न बोलता. आमच्या ऑफिसात अशी एक तरी फाईल दाखवा!"

खेळ संपले, नजर राहिली. नीलाला, म्हणजे माझ्या बायकोला, त्यांनी एकदा जिन्यातच अडवलं. "भांडण झालंय का गं? टाच आपटतेयस." झालं होतं. कारण मीच होतो. "चेहऱ्याला सवय असते," त्या म्हणाल्या, "पायांना असलं काही कोणी शिकवत नाही."

कॉलनीच्या बागेत सकाळी फिरणाऱ्यांचे अघोषित प्रमुख होते कर्णिकसाहेब. अंडर सेक्रेटरी म्हणून निवृत्त झालेले, मुलीच्या क्वार्टरमध्ये राहणारे. ताठ मानेने झपझप चालायचे आणि मागे पडलेल्याला "चलो, चलो" म्हणून हाकायचे. एके दिवशी साळवेबाई बाकावरून उठून माझ्याजवळ आल्या. "कर्णिकसाहेबांच्या चालीत काहीतरी आहे. काय ते मी सांगणार नाही. आठ दिवस बघा आणि लिहून द्या. बायकोशी बोलायचं नाही. तिलाही मी हेच सांगितलंय."

ते आठ दिवस आमच्या घरात कर्णिक हा विषय वर्ज्य होता. इतर विषय संपल्यामुळे आम्ही बराच काळ भेंडीवर बोललो.

आठव्या दिवशी तीन चिठ्ठ्या उघडल्या. बाईंची होती, "डावं पाऊल पुढून नीट उचललं जात नाही." मी लिहिलं होतं, "डावा पाय घासतो, विशेषतः चौथ्या फेरीनंतर." नीलाने बागेत पाऊलही टाकलं नव्हतं. कर्णिक आमच्याकडे चहाला आले तेव्हा तिने दाराबाहेरची त्यांची चप्पल उलटी करून पाहिली होती. "डाव्या चपलेचा पुढचा भाग झिजलाय. उजवी नव्यासारखी आहे."

साळवेबाईंनी ती चिठ्ठी बाकीच्या दोन्हींच्या वर ठेवली. "नियमात बसत नाही. पण नियम करणाऱ्यांना नीला भेटली नव्हती."

दुसऱ्या दिवशी बागेत त्यांनी कर्णिकांना गाठलं. मी मागे, शक्य तितका निरुपद्रवी दिसत उभा होतो.

"सर, डावा पाय एकदा डॉक्टरला दाखवा."

"काय झालंय माझ्या पायाला?"

"ते डॉक्टर सांगतील."

"साळवेबाई, मी तुमच्यापेक्षा एक ग्रेड वरून रिटायर झालोय."

"हो सर. डावा पायही त्याच ग्रेडवरून झाला ना?"

"चार दिवस चिठ्ठ्या पोहोचवल्यात आणि डॉक्टर झालात?"

"डॉक्टर नाही, म्हणून तर डॉक्टरकडे जा म्हणतेय."

कर्णिकांचा चेहरा लाल झाला. ते पाठ फिरवून निघाले तेव्हा बाईंनी तीन चिठ्ठ्या त्यांच्यापुढे धरल्या. "तिघांनी लिहिलंय. एकमेकांना न विचारता."

इथे कर्णिकांची अधिकाऱ्याची जात आडवी आली. माणूस काय म्हणतो याला त्यांच्या लेखी किंमत नव्हती, पण तीन स्वतंत्र टिपणं एकच सांगत असतील तर कर्णिकांनी उभ्या नोकरीत फाईल परत पाठवली नव्हती. त्यांनी चष्मा लावला, तिन्ही चिठ्ठ्या वाचल्या, नीलाची दोनदा. खिशातून पेन काढलं, प्रत्येकीवर "पाहिले" लिहून खाली सही केली, आणि चिठ्ठ्या घडी करून खिशात टाकल्या. त्याच आठवड्यात मुलगी त्यांना डॉक्टरकडे घेऊन गेली.

मणक्यात नस दाबली गेली होती. आणखी काही महिने असेच गेले असते तर पाऊल उचलणंच बंद झालं असतं, असं डॉक्टर म्हणाले. ऑपरेशन झालं. कर्णिक आधी काठी घेऊन, मग काठी काखेत धरून आणि शेवटी काठी घरी विसरून बागेत येऊ लागले. साळवेबाई बाकावर बसून रोज दोन फेऱ्या पाहत. कर्णिक ज्या दिवशी पुन्हा "चलो, चलो" ओरडले त्या दिवशी त्या उठून घरी गेल्या आणि परत त्या वेळेला बाकावर दिसल्या नाहीत. बघण्यासारखं काही उरलं नाही, म्हणाल्या.

गेल्या वर्षी बाई निवृत्त झाल्या आणि नगरला जायला निघाल्या. टॅक्सी खाली उभी होती. आम्ही निरोपासाठी जमलो होतो, तेवढ्यात कर्णिक कोणाला न सांगता वर गेले आणि बाईंची सगळ्यात मोठी सुटकेस उचलून जिना उतरू लागले.

"अहो सर, ठेवा ती! कोणीतरी थांबवा यांना!"

कर्णिक थांबले नाहीत. एकेक पायरी उतरत, डावं पाऊल चांगलं ठसठशीत टाकत खाली आले, सुटकेस टॅक्सीत चढवली आणि धापा टाकत बाईंपुढे उभे राहिले. "बोला. कसं चाललो?"

साळवेबाईंचे डोळे भरले होते. पदराने ते पुसत त्या म्हणाल्या, "आज निकाल नाही, सर. ओझं घेतलेला माणूस शर्यतीत धरत नाहीत."