एका ओळीचं मराठी

साक्रीच्या कोकिळाला तमिळ येतं, याचं जळगावात लोकांना अजून नवल वाटतं. तिचे वडील झुलालनाना कोइमतूरच्या एका सूतगिरणीत कापसाची प्रत तपासायला होते. ती तिथेच शाळेत गेली, तेराव्या वर्षापर्यंत. मग तिला न्हाण आलं आणि आई, वच्छलाबाई, तिला घेऊन साक्रीला परतली. शाळा सुटली ती सुटलीच. सोळाव्या वर्षी लग्न झालं, पंचविसाव्या वर्षी ती कायमची माहेरी आली. दहावी, बीए नंतर बाहेरून केलं.

आता पंचेचाळिशीत ती जळगावात, आईसोबत राहते आणि घरी बसून तमिळ सिनेमांचे संवाद मराठीत लिहिते, पडद्याच्या तळाशी येतात तसे. हल्ली येतात ते बहुतेक सिनेमे वयात येणाऱ्या पोरांचे. कुणाच्या हाती कोयता, कुणाचा मित्र जातीपायी मारला गेलेला. दिवसभर तेच रडणं मागेपुढे करून ऐकायचं. डोळे चुरचुरतात, मान धरते.

यंदा उन्हाळ्यात आलेल्या सिनेमात तेरा वर्षांची मुलगी होती. पाळी येताच बाप तिचं दप्तर काढून घेतो, लग्न ठरवतो. ती आईला एकच गोष्ट विचारते. कोकिळाने लिहिलं, ‘माझा काय दोष?’ आणि मोठ्याने वाचून पाहिलं.

वच्छलाबाई शेजारी लसूण सोलत होती. म्हणाली, “दोष? पोर असं बोलस का?”

“मंग कसं बोलस?”

“तू मले इचारेल व्हतं, ‘मी काय करं व माय?’”

कोकिळाला ते आठवत नव्हतं. तिने विचारलं, “तू काय बोलनी?”

“काहीच नही. मी चूल्हा फुकत बठनू.”

वच्छलाबाईने मान वर केली नाही. कोकिळाने तीस वर्षांपूर्वीचा राग शोधला तर तोही थकलेलाच निघाला. तिने ओळ बदलली, ‘मी काय केलं गं आई?’

सिनेमे पाठवणाऱ्या कंपनीतल्या तरुण नावाच्या मुलाचा फोन आला; फाईलमधली आधीची आणि बदललेली, दोन्ही ओळी त्याला दिसत होत्या. “अक्का, ‘दोष’ जास्त वजनदार वाटत होतं.”

“असू दे. तेरा वर्षांची आहे ती.”

नवी ओळ तशीच राहिली.

“पुढचा जरा हलका पाठव रे,” ती म्हणाली.

“सध्या असलेच येतायत, अक्का.”

तिने डोळ्यांवर पाणी मारलं, आईच्या हातातलं ताट घेऊन लसूण आत ठेवला आणि नवी फाईल उघडली.