सैल दोरीचं धनुष्य

पेंटर चाचा धनुष्य काढायचे ते नेहमी दोरी उतरवलेलं. दोरीचं एक टोक सुटून खाली लोंबत असे. म्हाताऱ्याचा हात थकला, असं लोक म्हणत, आणि चाचा ब्रश दातांत धरून हसत.

आमचं गाव नंदुरबारच्या अलीकडचं, आणि मी तिथल्या पालिकेत कारकून. गावाचं बोधचिन्ह चाचांनीच केलेलं: वर मोहाचं फूल, खाली लाल मिरची, मधे ते धनुष्य. टँकरवर, शाळांवर, वेशीच्या कमानीवर त्यांनी ते साच्याशिवाय रंगवलं. मी एकदा अर्थ विचारला. "फूल पहाडनं, मिरची आपली," ते म्हणाले. "आनि धडगावना एक पावरा आदिवासी दादा माले सांगी गया, बाजारमा येनारा मानूस दोरी उतारीसन येस. तो काय भांडाले येस का?"

त्यांची एकच हौस होती. कमानीच्या कोपऱ्यात आपलं नाव असावं. नवा अध्यक्ष आला की ते माझ्या टेबलापाशी येत. "भाऊ, बारीक अक्षरमा. कोन वाचनार शे?" पुढच्या सभेत घेऊ, असं मी दर वेळी सांगे. मी तो विषय कधी मांडलाच नाही.

मग बोधचिन्ह संगणकावर करायचं ठरलं. अध्यक्षांच्या भाच्यानं चाचांचंच चित्र मोबाइलवर टिपून गिरवलं. दोरी तेवढी ताणली आणि वर बाण चढवला, जोरदार दिसतं म्हणे. शाल-श्रीफळ त्याला मिळालं. माहितीपत्रक मी लिहिलं. अर्थ चाचांचे घेतले, नाव भाच्याचं घातलं. कुणी हात धरून लिहवून घेतलं नव्हतं, मला फक्त नोकरी सुखानं करायची होती. आजही त्याची लाज वाटते. कमानीवरचं जुनं चित्र पुसायचं कामही चाचांनाच दिलं. पांढऱ्याचे तीन हात द्यावे लागले, कारण मिरचीचा लाल पुन्हा पुन्हा वर येत होता.

गेल्या वर्षी रस्ता रुंद करताना त्यांची पत्र्याची टपरी आड आली. नोटीस द्यायला मीच गेलो. चाचांनी मजकूर वाचला नाही. कागदाच्या माथ्यावरच्या चिन्हावर अंगठा ठेवला, तो हळूहळू खाली आणला आणि स्वतःच्या नावापाशी थांबवला.

"हाई तू टाइप करं का भाऊ?"

मी हो म्हणालो.

"चाल, मन्हं नाव लागनं चिन्हना खाले," ते म्हणाले. "दोरी तेवढी तुम्हीन तानी दिधी."

चहा विचारल्याशिवाय त्यांनी मला कधी सोडलं नव्हतं. त्या दिवशी विचारला नाही. आठवड्याभरात ते सुरतेला लेकीकडे गेले आणि तिथेच वारले. नोटीस त्यांनी घडी करून सोबत नेली होती, असं लेकीनं फोनवर सांगितलं. आयुष्यभर बारीक अक्षरात मागितलेलं ते नाव मी त्या नोटिशीत ठळक टाइप केलं होतं.